भगर, बिल आणि ग्राहक गट : परभणीकडं फक्त खाण्यापिण्यासाठी संस्था काढायची आहे, सल्ला हवा

गोदाकाठचा
राम राम मंडळी.

आमच्या परभणी-हिंगोली-नांदेड पट्ट्यात महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र आलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली एक बातमी ठरलेली असते, 'भगरीतून विषबाधा'. फेब्रुवारी 2024 मध्ये लोहा तालुक्यात कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रमातल्या प्रसादानंतर 2000 च्या आसपास माणसं आजारी पडली. त्याच महिन्यात शेजारच्या बुलढाण्यात, लोणार तालुक्यात, सप्ताहात तोच प्रकार. रस्त्यावर झोपवून, दोरीला सलाईन बांधून उपचार केल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आठ दिवस आरडाओरडा झाला आणि मग पुढच्या एकादशीपर्यंत सगळं थंड.

आम्ही काही जण मिळून एक ग्राहक संस्था काढायच्या विचारात आहोत. दोघं-तिघं निवृत्त शिक्षक, एक औषध दुकानदार, कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकलेली दोन पोरं आणि बचत गटाच्या बाया. विषय एकच, खाणं. भेसळ, बुरशी, लेबल, लेकरांचं पोषण. वीजबिल, मोबाइल कंपन्या, प्लॉटिंगवाले यांच्या तक्रारी घ्यायच्या नाहीत असं ठरवलंय.

विचारायचंय ते असं. नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी? पैसा कुठून आणावा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, साध्या माणसाला नमुना तपासून घ्यायचा काही हक्क आहे का, की नुसती निवेदनंच द्यायची? निवेदन देतानाचा फोटो काढणाऱ्या संस्था जिल्ह्यात ढिगानं आहेत. त्यात भर घालायची नाही.

सोयापेंड
निवेदन, पुष्पगुच्छ, फोटो. एवढं झालं की संस्था झाली की वो सर. लेटरहेड छापायचं तेवढं राहिलं.

मस्करी सोडा, काम चांगलंय. पण भगरीच्या आधी सुट्ट्या तेलाचं बघा. आमच्या लातूरकडं डब्यातून मापानं तेल अजून विकायलेत. कायद्यानं खाद्यतेल पॅकबंदच विकायला पाहिजे ना?

प्रयोगशाळावाला
नोकरीतली बरीच वर्षं अन्न नमुन्यांच्या तपासणीत गेली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

नमुन्याचा हक्क आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, अंमल 5 ऑगस्ट 2011 पासून. त्याआधी 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. नव्या कायद्याचं कलम 40 वाचा. कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो, आणि माल दोषी निघाला तर शुल्क परत मिळतं. फक्त एक अट आहे आणि तिथंच बहुतेकांचं घोडं अडतं. खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हा माल मी तपासायला देणार आहे. घरी आणून, अर्धा खाऊन, मग शंका आली म्हणून नेलेल्या पुडक्याला या कलमाचा आधार मिळत नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतो. एक विश्लेषकाकडं जातो, दोन त्याच्या वरच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं राहतात, चौथा दुकानदारानं मागितलं तर त्याच्या खर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. अहवाल 14 दिवसांत यायला हवा. त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. ही सगळी पद्धत मुद्दाम सांगतोय, कारण विषबाधेनंतर लोक उरलेली भगर रुमालात बांधून आणतात आणि 'तपासा' म्हणतात. तपासता येते, पण ती कुणाची, कुठल्या लॉटची, कुणाकडून आली हे सिद्ध करणारं हातात काहीच नसतं. मग खटला उभा राहत नाही आणि बोल लागतो प्रयोगशाळेला.

आता भगरीचं. लोकांना वाटतं कुणीतरी काहीतरी मिसळलं. बहुतेक वेळा तसं नसतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर दमट हवेत साठवलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यापासून फ्युमिगाक्लेविनसारखी विषं तयार होतात. अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सणाआधी पत्रक काढतं त्यातही हेच असतं. पॅकबंद घ्या, पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, तारीख बघा, पीठ विकत आणू नका, स्वच्छ करून घरीच लागेल तेवढं दळा. पिठाचा धोका जास्त, कारण दाणा दिसतो तरी, पिठात सगळं लपतं. बुरशी शिजवून मरते, पण अशी विषं शिजवल्यानं जातीलच याचा भरवसा नसतो.

खेड्यातला_डॉक्टर
काकांशी सहमत. दवाखान्याच्या बाजूनं थोडं.

भगरीचे पेशंट जुलाबाच्या साथीसारखे दिसत नाहीत. मळमळ, उलटी, चक्कर हे तर असतंच, पण हातपाय आणि अंग थरथरतं. म्हातारी माणसं त्यानंच जास्त घाबरतात, अर्धांग झाला म्हणतात. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. म्हणूनच पुढं काही होत नाही. कुणी मेलं नाही, मिटवून टाका.

माझी संस्थेकडून एकच अपेक्षा आहे. रात्री दोन वाजता गावात फोन करून सांगणारं कुणीतरी असावं की उरलेलं अन्न फेकू नका. भीतीपोटी पहिलं काम काय होतं, तर पातेली घासली जातात आणि उरलेलं खड्डा करून पुरलं जातं. आम्ही उलटीचा नमुना घेतो, पोलिसांना कळवतो, पण मूळ अन्नच गायब. झाकून, थंड ठेवून, रिकामी पाकिटं आणि कट्टा (पोतं) सांभाळला तरी निम्मं काम होतं.

जिंतूर_किराणा
सगळे दुकानदारावर घसरायच्या आधी आमचंही ऐका.

मी भगर मोंढ्यातल्या ठोक व्यापाऱ्याकडून आणतो. बराचसा माल नाशिककडच्या मिलमधला. कट्टा येतो, त्यावर शिक्का असतो, कधी पुसट, कधी नसतोच. पक्कं बिल मागितलं तर ठोकवाला म्हणतो, बिलाचा भाव वेगळा. इकडं गिऱ्हाइकाला पावशेर पाहिजे, आणि पाकिटाला किलोमागं चार पैसे जास्त पडले की तो समोरच्या दुकानात जातो. मग मी कट्टा फोडून सुट्टी विकतो. मागच्या नवरात्रातली उरलेली महाशिवरात्रीला खपवणारेही आमच्यात आहेत, ते काय लपवायचं. पण धाड पडली की नमुना माझ्या दुकानातला जातो. ठोकवाला कुठंच नसतो.

तुमची संस्था माझ्यासारख्याच्या दारात बोर्ड घेऊन बसणार असेल तर उपयोग शून्य.

प्रयोगशाळावाला
शेठ, तुम्ही तुमचीच सुटका सांगितलीत. कायदा दुकानदाराला उघडा टाकत नाही. माल कुणाकडून घेतला ते बिलानिशी दाखवलं, आणि तो आला तसाच नीट साठवून विकला हेही दाखवता आलं, तर जबाबदारी वर सरकते. बिल नसेल तर मात्र माल तुमचाच धरला जातो. ठोकवाल्याला ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो बिल देत नाही.

1 जानेवारी 2022 पासून अन्नव्यवसायाच्या बिलावर परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं सक्तीचं आहे. 14 आकडी असतो. पहिला आकडा 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढं 15 असेल तर महाराष्ट्रातला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) संकेतस्थळावर टाकून खरा-खोटा बघता येतो. आणि बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणं अनुचित व्यापारच आहे. तो तुम्हाला देत नाही, तुम्ही गिऱ्हाइकाला देत नाही, अशी ती साखळी.

सोयापेंड
आमच्याकडं बिल मागितलं की दुकानदार विचारतो, 'काय पाव्हणं, इन्कम टॅक्समधून आलाव का?'

अंगणवाडीताई
मी गेवराई तालुक्यात काम करते. धागा भगरीवर चाललाय, पण गोदाकाठच्या सरांनी 'पोषण' शब्द लिहिलाय म्हणून बोलते.

रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ यायला लागला तेव्हा गावात बाया तांदूळ घेऊन माझ्याकडं आल्या. 'ताई, प्लास्टिकचा तांदूळ दिलाय, पाण्यावर तरंगायलाय.' पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. वास्तविक 100 दाण्यांमागं एक दाणा वेगळा असतो, तांदळाच्याच पिठाचा, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 घातलेलं. दिसायला जरा वेगळा, म्हणून बाया तेवढे दाणे निवडून कोंबड्यांना टाकत होत्या! जे लोह अ‍ॅनिमियावाल्या पोरीसाठी आलं ते कोंबडीनं खाल्लं. कुणी समजावून सांगायला आलंच नव्हतं. पोती आली, वाटा म्हणाले, वाटली.

दुसरं असं की खाऊच्या पाच रुपयांच्या पुड्या. लेकरू अंगणवाडीत यायच्या आधी एक पुडी खाऊन येतं, मग खिचडीला हात लावत नाही. आई म्हणते, रडतंय, काय करू. मी पुडीमागचं बारीक अक्षर वाचायचा प्रयत्न केला. आकडे 100 ग्रॅमचे, पुडी किती ग्रॅमची ते दुसऱ्या बाजूला, आणि दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत असावं हे आईला कुठं माहीत? भेसळवाला सापडला की सगळे चिडतात. हे तर भेसळ नसलेलं, परवाना असलेलं, कायदेशीर आहे. याच्यावर तुमची संस्था काय बोलणार ते सांगा.

खेड्यातला_डॉक्टर
ताईंचा प्रश्न भगरीपेक्षा मोठा आहे. विषबाधा वर्षातून दोन-तीनदा होते. पुडी रोजची. आमच्या ओपीडीत तिशीतले बीपीचे पेशंट काय उगाच येतात?

अनिवासी_नांदेडी
ताईंनी विचारलं त्यावर एका संस्थेचं उदाहरण देतो. अमेरिकेत सीएसपीआय नावाची ना-नफा संस्था आहे, 'सार्वजनिक हितासाठी विज्ञान केंद्र' असा साधारण अर्थ. 1971 मध्ये तिघा शास्त्रज्ञांनी काढली. त्यातले मायकेल जेकबसन पुढं कितीतरी वर्षं तिचा चेहरा होते. कंपन्यांकडून पैसा घेत नाहीत. कितीतरी वर्षं मुख्य आधार होता त्यांच्या पोषणविषयक पत्रिकेची वर्गणी, आणि त्या पत्रिकेत जाहिराती नसायच्या. तिथल्या पाकिटांवर पोषणाचा ठरावीक तक्ता आला तो 1990 च्या कायद्यानं, आणि त्यामागं लावून धरणाऱ्यांत ही संस्था पुढं होती.

पण त्यांची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. 1980 च्या दशकात त्यांनी फास्टफूडवाल्यांच्या मागं लागून तळणीतली जनावराची चरबी बंद करायला लावली. कंपन्यांनी ती सोडली आणि अंशतः हायड्रोजनेटेड तेल धरलं, म्हणजे आपल्या वनस्पती तुपाचं भावंड. त्यात ट्रान्सफॅट. ते जास्त वाईट असल्याचं संशोधन पुढं आलं तेव्हा याच संस्थेनं 1994 मध्ये ट्रान्सफॅट लेबलवर लिहायला लावा म्हणून सरकारकडं अर्ज केला. 2006 पासून ते तिथं लेबलवर आलं. म्हणजे अर्ज ते अंमल, बारा वर्षं. आपल्याकडं 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्सफॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

पुराव्याप्रमाणं भूमिका बदलायची तयारी आणि बारा वर्षं एकाच कागदामागं लागायची चिकाटी, दोन्ही असेल तर संस्था काढा सर.

सोयापेंड
बारा वर्षं? आमच्याकडं बारा महिन्यांत अध्यक्ष आणि सचिवाचं भांडण होऊन दोन संस्था होतात.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. धागा भरकटेल असं वाटलं होतं, उलट कामाचं निघालं.

अनिवासी भाऊ, लांबचं कशाला, आपल्याकडं पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. 1975 ची मुंबई ग्राहक पंचायत तर एकत्र खरेदीवर वाढली, घराघरांचे संघ करून किराणा वाटपाची पद्धत. अहमदाबादचं 1978 चं ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र वस्तूंची तुलनात्मक चाचणी करून छापतं. दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संशोधन संस्थेनं 2003 मध्ये शीतपेयांतली कीटकनाशकं काढून दाखवली तेव्हा संसदेला समिती नेमावी लागली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. बोलायच्या आधी हातात काहीतरी मोजलेलं होतं.

पैशाचा प्रश्न मात्र परवाच समोर आला. एका दालमिलवाल्यानं निरोप पाठवला, पहिल्या कार्यक्रमाचा मंडप आणि जेवण माझ्याकडून. आमच्यातले दोघं लगेच हो म्हणाले, 'माणूस चांगला आहे' म्हणून. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

प्रयोगशाळावाला
माणूस चांगलाच असेल. पण बॅनरवर त्याचं नाव आलं की तुरीच्या डाळीत लाख डाळ आहे का, हा नमुना उद्या कुणी काढायचा? लाख डाळ म्हणजे खेसरी. जास्त दिवस खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून 1961 पासून विक्रीवर बंदी आली होती. बेसनात आणि डाळीत ती स्वस्त म्हणून घुसते. पहिला नमुना ज्याच्या मिलचा काढावा लागेल त्याच्याच मांडवात जेवून कसं चालेल?

मंडप नका घेऊ. चहा स्वतःचा प्या.

जिंतूर_किराणा
काका, मग आमच्यासारख्याची वर्गणीही नको का?

प्रयोगशाळावाला
सभासद म्हणून सगळ्यांसारखी तेवढीच वर्गणी द्या, पावती घ्या. त्यापेक्षा जास्त नको. आणि अन्नधंद्यातला माणूस पदाधिकारी नको, हे घटनेतच लिहून टाका म्हणजे पुढं कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

नोंदणीचं राहिलंच. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात जण लागतात, त्याच्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडं सार्वजनिक न्यास म्हणून. नोंदणी झालेली स्वयंसेवी ग्राहक संघटना जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहकांच्या वतीनं तक्रार करू शकते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते.

खेड्यातला_डॉक्टर
एक शंका. भंडाऱ्यात फुकट जेवलेला माणूस ग्राहक ठरतो का? त्यानं पैसे कुठं दिले?

प्रयोगशाळावाला
नेमकं विचारलंत. ग्राहक कायद्यात मोबदला लागतो, म्हणून पंगतीतल्या माणसाची अडचण होऊ शकते. तिथं ग्राहक म्हणून उभं राहायचं ते भगर विकत घेणाऱ्या सप्ताह कमिटीनं, आणि तिच्याकडं बिल हवं. अन्न सुरक्षा कायद्यात मात्र नफा असो-नसो, अन्नव्यवसाय तो अन्नव्यवसायच. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्याचाही लहान अन्नव्यावसायिकाच्या व्याख्येत उल्लेख आहे. कलम 65 मध्ये नुकसानभरपाई आहे. मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत, इतर इजेला 1 लाखापर्यंत. कोष्टवाडीसारख्या ठिकाणी हजारो लोक झोपले तरी हे कलम कुणाला माहीत असतं?

आणि भाविकांच्या श्रद्धेला हात न लावता बोला, नाहीतर पहिल्याच गावात 'तुम्ही सप्ताह बंद करायला आलात' म्हणून हाकलतील.

अंगणवाडीताई
खरंय. आचाऱ्याशी आणि भगर निवडणाऱ्या बायांशी बोला, बुवांशी नंतर. कट्टा उघडल्यावर कोंदट वास आला की त्यांना लगेच कळतं, पण 'देवाचं आहे, काही होत नाही' म्हणून गप्प बसतात. त्या वेळी 'टाकून द्या' म्हणणारं माणूस पाहिजे, आणि बदली कट्टा कुठून आणायचा तेही ठरलेलं पाहिजे. रात्री अकराला दहा गावांची पंगत समोर असताना कुणी कट्टा फेकणार नाही.

अनिवासी_नांदेडी
अवांतर, पण बुरशीचाच मुद्दा म्हणून. 2018 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभरातून दुधाचे 6432 नमुने घेतले होते. युरिया-डिटर्जंटसारखी भेसळ निघाली 12 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-1 हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर निघालं 368 नमुन्यांत, आणि ते येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून, मक्यातून. गुरानं खाल्लं की दुधात उतरतं. आपण गवळ्याच्या पाण्यावरून भांडतो आणि गोठ्यातल्या ओल्या पोत्याकडं बघत नाही. मराठवाड्यात पेंडीच्या साठवणीवर कुणी बोललं तर ते सगळ्यात मोठं काम होईल.

सोयापेंड
माझ्या आयडीवर टीका केल्याबद्दल निषेध.

गोदाकाठचा
हाहा. घ्या, पेंडही यादीत.

तर ठरलेलं लिहितो. दालमिलवाल्यांना नम्रपणे नाही कळवतोय. नोंदणीचे कागद करायला घेतलेत, पण त्यासाठी थांबायचं नाही. आषाढीच्या आधी दोन-तीन सप्ताह कमिट्यांना एकत्र करून भगर एकाच ठिकाणाहून घ्यायची, पक्क्या बिलानं, बॅच नंबर लिहून. एका कट्ट्याचा नमुना कलम 40 प्रमाणं विक्रेत्याला आधी सांगून तपासायला द्यायचा. तपासाचं शुल्क आमच्या वर्गणीतून. अहवाल चांगला आला तरी गावात लावायचा, वाईट आला तरी लावायचा.

ताई, पुडीचं उत्तर माझ्याकडं अजून पूर्ण नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूला मीठ-साखर-चरबीचा इशारा असावा ही मागणी देशभर चालू आहे, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीय. आपण त्यात सही करू. पण तोपर्यंत गावात दाखवायचं तर पुडीतलं मीठ वजनकाट्यावर मोजून पालकसभेत वाटीत ठेवू. अन्नतंत्रवाल्या पोरांना सोडियमचं मीठ काढायचं गणित येतं.

अंगणवाडीताई
पालकसभा महिन्यातून एकदा असते. पोरांना सकाळी दहाच्या आत पाठवा, नंतर बाया कापूस-सोयाबीनच्या कामाला निघतात.

जिंतूर_किराणा
एक कट्टा मी देतो. ठोकवाल्याकडं बिल मागितलंय, 'बघू' म्हणालाय. कट्ट्यावरचा शिक्का पुसट असेल तर फोटो चालतो का?

प्रयोगशाळावाला
पुसट शिक्क्याचा कट्टा घेऊच नका, परत पाठवा. उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच, तारीख, परवाना क्रमांक, यातलं काही नसेल तर तो माल लेबलच्या नियमातच बसत नाही. फोटो काढायचा तो शिवण उसवायच्या आधी, बिलाशेजारी ठेवून. कट्टा रिकामा झाला तरी सण उलटून आठवडा होईपर्यंत जपून ठेवा.

तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री 1800222365, ग्राहक हेल्पलाइन 1915. दोन्ही आचाऱ्याच्या खोलीत भिंतीवर लिहून टाका.

सोयापेंड
आणि माझं सुट्टं तेल?

गोदाकाठचा
त्याचा धागा तुम्हीच काढा. लातूरचे सभासद कमीच आहेत, वर्गणीही तिथंच भरा.